सॉफ्टवेअर शिकवील, पण पुढे तपासणार कोण?

आरोग्यशिक्षणाची ॲप आणि टचस्क्रीनवरचे कार्यक्रम तयार करणाऱ्या, तसेच ते मंजूर करून विकत घेणाऱ्या सर्व मंडळींना,



स्तनांची तपासणी स्वतःची स्वतः कशी करायची, हे शिकवणारी ॲनिमेशनं, व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषा आता ढिगानं मिळतात. ऑक्टोबर उजाडला की गुलाबी फिती लागतात, एखाद्या सभागृहात पडद्यावर गुळगुळीत रेखाचित्र फिरतं, टाळ्या होतात, फोटो निघतात आणि नोव्हेंबरात सगळं गुंडाळून ठेवलं जातं. हे साहित्य नेमकं कोणत्या बाईसाठी बनतं? आणि शिकून झाल्यावर हाताला काही लागलंच, तर तिनं कुठं जायचं? या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात शोधूनही सापडत नाहीत. म्हणून हे पत्र.

पत्र सोलापुरातून येतंय, आणि या विषयावर बोलायचा सोलापूर जिल्ह्याला थोडा अधिकार आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली गावं तिच्या कक्षेत आली. शहरातली नोंदणी मुख्यतः रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यातला रुग्ण मात्र दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव गेले. कोणती लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका, हे लोकांशी बसून बोलले आणि ज्यांना लक्षणं होती त्यांना तपासणीसाठी राजी केलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदवलं गेलं. त्या काळी कुणाच्या हातात स्मार्टफोन नव्हता. गावात येणारा माणूस ओळखीचा होता आणि त्याच्या मागं एक हॉस्पिटल उभं होतं.

पुढे याच हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरबरोबर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एचपीव्ही या विषाणूची एकदाच चाचणी आणि दोष सापडला तर उपचार, एवढ्यानं चाचणीच्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्म्यावर आले होते. इथंही चाचणी आणि उपचार एकाच साखळीत होते.

पडद्यावरच्या शिक्षणाचं म्हणाल, तर तेही या जिल्ह्याला नवं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड डकवले. कोड मोबाइलनं टिपला की कविता ऐकू येऊ लागली, धड्याचा व्हिडिओ दिसू लागला. २०१७ मध्ये राज्य सरकारनं ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी उचलली आणि २०२० मध्ये गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. सोलापूरकरांना परस्परसंवादी शिक्षणाचं वावडं आहे असं म्हणायला त्यामुळे जागाच उरत नाही.

आता आजाराचा आवाका पाहा. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीत गाठतो. उलट २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी कर्करोगासाठी स्तनांची तपासणी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. हजारात नऊ. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी असा आराखडा काढला होता, त्यानंतरचा हा आकडा आहे.

तर तक्रारी एकेक करून.

पहिली तक्रार पुराव्याबद्दल. ‘महिन्यातून पाच मिनिटं द्या आणि जीव वाचवा’ अशा थाटाची वाक्यं आपल्या कार्यक्रमांच्या पहिल्याच पडद्यावर झळकतात. ती लिहिणाऱ्यांनी शांघायचा अभ्यास वाचलेला नसावा. गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापुरानं तर तो आवर्जून वाचावा, कारण तो झाला कापड गिरण्यांत. शांघायमधल्या ५१९ कारखान्यांतल्या २ लाख ६६ हजार ६४ कामगार बायकांचे दोन गट केले गेले. एका गटाला स्वपरीक्षण शिकवलं. एकदा शिकवून सोडलं नाही. एक वर्षानं आणि तीन वर्षांनी उजळणी घेतली, पाच वर्षं किमान दर सहा महिन्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली सराव करून घेतला, दरमहा आठवण दिली. इतकं काटेकोर शिक्षण कुठलंही ॲप देऊ शकणार नाही. २००२ मध्ये निकाल आला. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगानं १३५ बायका गेल्या, न शिकवलेल्या गटात १३१. फरक पडलाच नव्हता. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या, म्हणजे सुया, शस्त्रक्रिया आणि धास्तीही जास्त.

याचा अर्थ बाईनं आपल्या शरीराकडे पाहू नये असा कुणी काढू नये. शांघायच्या त्या कामगार बायकांना कारखान्यामार्फत दवाखाना मिळत होता. जिथं गाठ लिंबाएवढी झाल्यावर बाई पहिल्यांदा डॉक्टरला दाखवते, तिथं बदल लवकर ओळखण्याचं मोल वेगळं असू शकतं. म्हणूनच आज अनेक देशांतले तज्ज्ञ ठरावीक कवायतीपेक्षा आपल्या शरीराची ओळख आणि त्यातला बदल टिपण्यावर भर देतात. पण निव्वळ शिकवण्यानं मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि हे बाईला सांगणं आपलं कर्तव्य आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक पडदा असा हवा, ज्यावर स्वच्छ मराठीत ऐकू येईल: ‘ही तपासणी केली म्हणजे कॅन्सर नाही अशी खात्री होत नाही. नर्सबाईंची किंवा डॉक्टरांची तपासणी चुकवू नका.’

मग मृत्यू कशानं कमी होतात, याचं एक उत्तर मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटातल्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी एकदा, असं चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातानं तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना त्यासाठी तयार केलं होतं. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये ठोस फरक दिसला नाही. निष्कर्षाच्या या मर्यादाही सांगायला हव्यात.

यातून आपल्या धंद्याला एक मोठी सूचना मिळते. सॉफ्टवेअरची पहिली विद्यार्थिनी आरोग्यसेविका असावी. आज आशाताई घरोघरी सीबॅक फॉर्म भरते. त्यात छातीत गाठ आहे का, स्तनाच्या आकारात बदल झालाय का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, हे प्रश्न असतात. उत्तर ‘हो’ आलं की पुढची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या नर्सनं करायची. त्या नर्सच्या बोटांना सराव कोण देतं? एखाद्या दिवसाचं प्रशिक्षण, भिंतीवर सरकणाऱ्या स्लाइड, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र. मल्टिमीडियाचं खरं काम इथं आहे. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात हेन्री पेनीपॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅमाकेअर’ नावाची पद्धत विकसित केली. सिलिकॉनच्या स्तनात वेगवेगळ्या आकाराच्या आणि खोलीच्या गाठी लपवायच्या आणि त्या सापडेपर्यंत बोटांना सराव द्यायचा, हा तिचा गाभा. असं मॉडेल आणि त्याला जोडलेला पडदा तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असेल, तर नर्सला हवं तितक्या वेळा चुकता येईल आणि चूक कुठं झाली तेही कळेल.

दुसरी तक्रार: हे सगळं नेमकं कुणासाठी बनवता?

सोलापूर शहराचा पूर्वभाग तेलुगू बोलतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कित्येक घरांत कन्नड चालते. अनेक मोहल्ल्यांत उर्दू. या सगळ्यांना बाजारात मराठी येते, पण छातीतल्या गाठीबद्दल बाई बोलेल ती घरच्या भाषेत. आपल्या कार्यक्रमात भाषा निवडायची सोय असते, ती इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या यादीतून! जिला वाचता येत नाही, तिचा प्रवास पहिल्याच पायरीवर थांबतो. वास्तविक पडद्यावर चार बायकांचे चेहरे दाखवता येतात. बोट ठेवलं की ती बाई तिच्या बोलीत ‘या बसा’ म्हणेल, की निवड झाली. सगळं शिक्षण आवाजावर चालायला हवं. अक्षरं असली तर सोबतीला.

फोनचीही गोष्ट तीच. त्याच पाचव्या पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या सुमारे ५४ टक्के, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या साधारण तीनात एक. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो मुलाच्या खिशात असतो, त्या घरातली बाई ‘ॲप डाउनलोड करा, ओटीपी टाका’ या सूचनेचं काय करणार? मुलाला ओटीपी विचारून ती स्तनांची तपासणी शिकणार आहे का?

शिवाय पडद्यावरच्या त्या बाईकडे एकदा नीट पाहा. गोरी, सडपातळ, पंचविशीतली, समोर लांबरुंद आरसा, मागं स्वच्छ न्हाणीघर. सोलापुरातल्या पन्नाशीच्या बाईचं शरीर चार लेकरांना अंगावर पाजलेलं असतं. घर दोन खोल्यांचं, आरसा तोंड दिसेल एवढा, न्हाणीला दाराऐवजी पडदा. तिला दाखवा की अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं तपासता येतं, रात्री अंथरुणावर खांद्याखाली उशी किंवा घडी केलेलं लुगडं ठेवून तपासता येतं. आपल्यासारखी दिसणारी बाई पडद्यावर आली की ऐकण्याची तयारी आपोआप वाढते.

तिसरी तक्रार ‘परस्परसंवादी’ या बिरुदाची. ‘पुढे’ असं लिहिलेल्या चौकटीवर बोट दाबलं की पुढचं चित्र येतं, याला संवाद म्हणत नाहीत. शिकवायचं काय, ते तसं थोडकंच आहे. पाळी चालू असलेल्या बाईनं पाळी संपल्यावर तीन-पाच दिवसांनी, पाळी गेलेल्या बाईनं महिन्याची एक तारीख धरून. आधी पाहायचं: हात खाली सोडून, हात वर करून, कमरेवर दाबून. कातडीला खळी पडलीय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत ओढलं गेलंय का. मग मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, छोट्या वर्तुळात आधी हलकं, मग मध्यम, मग घट्ट दाबून चाचपायचं. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालपर्यंत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, उभ्या पट्ट्यांत.

चित्रफीत एवढं सांगून मोकळी होते. सॉफ्टवेअरनं त्यापुढं जावं. बाईला पडद्यावरच्या आकृतीवर स्वतःच्या बोटानं पट्ट्या ओढायला लावा. काख राहिली तर तिथं रंग तसाच राहू द्या आणि आवाज म्हणू द्या, ‘काखेकडचं राहिलं बघा.’ बहुतेकींचं तिथंच राहतं, आणि स्तनाचा काखेकडचा वरचा भाग हाच गाठ सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला भाग. दाब किती द्यायचा ते मात्र काच शिकवू शकत नाही, हे मान्य करून पडद्याशेजारी सिलिकॉनचं मॉडेल ठेवा. विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं दिवसभर पान आणि तंबाखू चाचपत असतात. तंबाखू कमी पडला की त्यांना स्पर्शानं कळतं. पण याच कामानं बोटांची टोकं घासलेलीही असतात, म्हणून टोकं सोडून पेरं वापरण्याचा धडा त्यांना सावकाश द्यायला हवा.

त्याहून महत्त्वाचा संवाद हातांचा नाही, निर्णयाचा आहे. समजा, पडद्यावरच्या रेणुकाला गाठ लागली. दुखत नाही. आता ती काय करील? लेकीचं लग्न उरकल्यावर बघेल, गरम पाण्यानं शेकेल, सासूला विचारील, की उद्याच नर्सबाईंना दाखवील? प्रेक्षक बाईला निवडू द्या आणि निवडीचा परिणाम दाखवा. दुखत नाही म्हणून काही नसेल, हा समज इथं फार खोलवर रुजलेला आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, ही माहिती चौथ्या मिनिटाला ओघात सांगण्याची नाही, गोष्टीच्या केंद्रस्थानी ठेवण्याची आहे. तिच्याच जोडीला दुसरी: सापडणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पहिली माहिती बाईला उठवते, दुसरी तिला घाबरून घरात बसू देत नाही. आपले कार्यक्रम बहुतेक वेळा पहिलीच सांगतात, तीही कवटीछाप संगीत लावून.

चौथी तक्रार जागेबद्दल आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाकून किंवा मॉलमध्ये टचस्क्रीन उभा करून हा विषय शिकवता येत नाही. चार माणसं मागून डोकावत असताना कुठली बाई त्या पडद्याला हात लावील? सोलापुरात जागा शोधायची तर लांब जायला नको. विडी कामगार बाई तयार विड्या द्यायला आणि पानं-तंबाखू घ्यायला कारखान्यात येते, तिथं थांबते, सोबत ओळखीच्या बायका असतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची वसाहत आहे. तिथंच रे नगर या कामगार वसाहतीच्या ३० हजार घरांपैकी पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. विडी कामगारांसाठी केंद्राच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ पासून आहे आणि त्यांच्यासाठी दवाखानेही आहेत. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका आहेत, बचत गटांच्या बैठका आहेत. कापडी आडोसा, एक खुर्ची, कानाला लावायचा हेडफोन आणि दाराशी बसलेली एक आशाताई, एवढ्यात काम भागतं. वीज गेली तरी चालेल आणि इंटरनेट नसलं तरी अडणार नाही, असा कार्यक्रम बनवणं आपल्याला अवघड नाही. ते मागितलं जात नाही, म्हणून बनत नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. बाईच्या शरीराबद्दलची कुठलीही नोंद तिला न विचारता साठवू नका. नाव, मोबाइल नंबर, आधार विचारल्याशिवाय धडा सुरूच होत नसेल, तर तो धडा नव्हे, पाळत झाली. कॅमेरा नुसता बंद नको, मुळात नसलेलाच हवा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. गल्लीत नाव होईल या भीतीनं गप्प बसणाऱ्या बाईला मात्र कायद्याच्या कलमापेक्षा साधं आश्वासन उपयोगी पडेल, आणि ते पहिल्याच पडद्यावर ऐकू यायला हवं.

सहावी तक्रार विकत घेणाऱ्यांकडे जास्त वळते. यशाचा आकडा म्हणून तुम्ही काय मोजता? ‘इतक्या हजार महिलांनी लाभ घेतला’ हे वाक्य अहवालात शोभतं. त्यातल्या किती जणींना तपासायला पाठवलं, किती जणी खरंच पोचल्या, किती दिवसांत निदान झालं, उपचार किती जणींचे पूर्ण झाले, याचा रकानाच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला, त्यात तीन खुणा आखून दिल्या आहेत: किमान ६० टक्के रुग्णांचं निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात व्हावं; बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं; आणि किमान ८० टक्के रुग्णांनी संपूर्ण उपचार घ्यावेत. सॉफ्टवेअरचा हिशेबही याच तीन रकान्यांत मांडला जावा. डाउनलोडचा आकडा सांगायचाच असेल तर त्याला चौथा रकाना द्या.

कारण साठ दिवस ही मोठी मुदत वाटली, तरी ती भराभर सरते. नर्सनं चाचपलं, मग डॉक्टरनं. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. प्रत्येक पायरीला एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला एक माणूस लागतो, एसटीचं तिकीट पडतं. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, बार्शीत कर्करोगाचं हॉस्पिटल आहे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. दारं आहेत. मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या बाईनं कोणत्या दाराशी, कोणत्या वारी, कोणता कागद घेऊन उभं राहायचं, हे सांगणारा पडदा मात्र नाही. कार्यक्रमाच्या शेवटी ‘धन्यवाद’ येतं आणि निर्मात्यांची नावं सरकत जातात. तिथं त्या तालुक्यातल्या तपासणीच्या जागेचा पत्ता, वार आणि वेळ आवाजात ऐकू यावी, आणि छापील चिठ्ठी हातात पडावी. ती चिठ्ठी दाखवणाऱ्या बाईला रांगेत पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागू नये.

यावर ‘हे आरोग्य खात्याचं काम, आमचं नाही’ असं उत्तर येईल, याची कल्पना आहे. खातं म्हणेल, सॉफ्टवेअरवाल्यांनी असं काही सुचवलंच नव्हतं. दोघांमधल्या या टोलवाटोलवीत बाईच्या गाठीचा आकार वाढत राहतो.

म्हणून मागण्या अशा. निविदा काढताना त्यात चार भाषांचा आवाज, इंटरनेटशिवाय चालणं आणि शेवटच्या पडद्यावर स्थानिक तपासणीची माहिती या अटी घाला. खरेदीआधी तो कार्यक्रम अक्षरओळख नसलेल्या पन्नास बायकांसमोर ठेवा. कुणाची मदत न घेता निम्म्या जणी शेवटपर्यंत पोचल्या नाहीत, तर परत पाठवा. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं दरवर्षी शेवटच्या वर्षाला प्रकल्प करतात; त्यातला एखादा गट वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींबरोबर पूर्वभागात बसवा, चित्रं आणि बोली तिथल्या बायकांकडून तपासून घ्या. सगळ्यांत आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किमान एका नर्सचा मॉडेलवरचा सराव पूर्ण करा. ती तयार होत नाही तोवर त्या गावात पडदा नेऊ नका. शिकलेली बाई दाराशी आली आणि आत तपासणारं कुणी नसलं, तर ती पुन्हा येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही.

आणि एक शेवटची विनंती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, महापालिकेच्या आरोग्य विभागाला. असा कार्यक्रम सुरू झाला तर पहिल्या वर्षाचा हिशेब वर्तमानपत्रात छापा: किती जणी शिकल्या, किती तपासायला आल्या, त्यांतल्या कितींचं निदान ६० दिवसांत झालं. तिसरा आकडा छापता येत नसेल, तर पहिला छापू नका.



आपली,
सोलापूरची एक वाचक